हिरवा चुडा: माप घेण्यापासून उतरवण्यापर्यंत

लग्नात वधूच्या अंगावर जे काही चढतं त्यात काचेचा हिरवा चुडा सगळ्यात स्वस्त, आणि घोळ सगळ्यात जास्त त्याचाच होतो. ब्लाउज सैल झाला तर टाके घालता येतात, नथ टोचायला लागली तर दाबाची मिळते. चुड्याचं माप चुकलं की मात्र आदल्या संध्याकाळी मेंदीच्या हातावर साबण चोळत, काच पिचवत बसावं लागतं. म्हणून हा लेख. चुड्याचा मान, त्यामागच्या समजुती हे सगळं यात येईलच, पण मुळात चुडा हे हाताचं काम आहे. माप बरोबर, काच चांगली आणि भरणारा जाणता, एवढं जमलं की बाकीचा सोहळा आपोआप होतो.

आधी घरात विचारा

दुकानात जाण्यापूर्वी दोन्हीकडच्या जाणत्या बायकांशी एकदा बोलून घ्या. चुड्याची पद्धत जातीप्रमाणे, गावाप्रमाणे आणि खरं सांगायचं तर घराघराप्रमाणे बदलते. विचारायचं ते असं: चुडा कधी भरायचा, हळदीच्या आधी की नंतर? आणायचा कुणी, आईने, मामाने की सासरच्यांनी? प्रत्येक हातात किती बांगड्या? आणि वधूबरोबर आणखी कुणाकुणाला भरायच्या?

संख्येवरून उगाच वाद होतात. बऱ्याच घरांत डाव्या हातात उजव्यापेक्षा एक बांगडी जास्त असते. कुठे सात-आठ, कुठे नऊ-दहा, कुठे अकरा-बारा. काही घरांत दोन्ही हातांत सारख्याच. यातलं अमुकच 'शास्त्रोक्त' असं कुणी ठासून सांगितलं तर मान डोलवावी आणि आपल्या घरचं करावं. हात लहान असेल, कोपर ते मनगट अंतर कमी असेल, तर संख्या कमी ठेवलेली बरी. हातभर बांगड्या फोटोत छान दिसतात, पण हार धरून अंतरपाटामागे उभं राहायचं असतं, लाह्या सोडायच्या असतात, जेवायचंही असतं.

गोव्यात हाच विधी 'चुडो' म्हणून होतो. हिंदू घरांत होतो तसा ख्रिस्ती घरांतही, आणि बहुधा आजोळी, मामाच्या घरी. पंजाबात लाल-पांढरा चूडा मामाच आणतो. बंगालात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या आणि लाल पोला, तमिळ घरांत गर्भारपणातलं वळैकाप्पू, म्हणजे बांगड्या भरण्याचा विधी. रंग आणि साहित्य बदलतं, पण बाईच्या आयुष्यातलं वळण तिच्या मनगटावर दाखवायची रीत देशभर आहे. मोहेंजोदडोच्या कांस्य नर्तकीचा डावा हात खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला आहे. आपल्याकडे कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात (१९४५-४६) बहमनी काळातल्या काचेच्या बांगड्या सापडल्या. म्हणजे काचेची बांगडी ही काही काल-परवाची फॅशन नाही.

माप: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

बांगडीचं माप म्हणजे आतला व्यास, मनगटाचा घेर नव्हे. मनगट मोजून बांगडी ऑनलाइन मागवली आणि ती अंगठ्याच्या मुळाशीच अडकली, असं सर्रास घडतं. बांगडीला मनगटातून नाही, मुठीतून जायचं असतं.

दुकानातले आकडे असे असतात: २.२, २.४, २.६, २.८, २.१०. हे दशांश नाहीत. टिंबाच्या आधीचा आकडा पूर्ण इंच, नंतरचा इंचाचा सोळावा भाग. जुन्या सोळा आण्यांच्या रुपयासारखा हा हिशोब. २.४ म्हणजे दोन इंच आणि चार भाग, म्हणजे सव्वादोन इंच. २.८ म्हणजे अडीच इंच. म्हणून कासार 'सव्वादोन', 'अडीच' असंच बोलतो. आणि म्हणूनच २.१० ही २.८ पेक्षा मोठी. वेबसाइटवर ती कुणी २.१ अशी लिहिली असेल तर विक्रेत्याला मिलिमीटरमध्ये व्यास विचारा. २.४ ची बांगडी आतून साधारण ५७ मिलिमीटर, २.६ ची ६०, २.८ ची साडेत्रेसष्ट आणि २.१० ची ६६ ते ६७ भरते.

घरी माप घ्यायचं ते असं. चारही बोटं एकमेकांना चिकटवा, अंगठा तळहातात आत दुमडा आणि करंगळी अंगठ्याकडे ओढून घ्या, म्हणजे बांगडी चढताना हात जसा होतो तसा. आता बोटांच्या मुळांच्या हाडांवरून, जिथे हात सगळ्यात रुंद आहे तिथून, शिंप्याची टेप फिरवा. टेप ओढू नका, नुसती टेकू द्या. घेर १७ सेंटिमीटर आला तर २.२, १८ ला २.४, १९ ला २.६, २० ला २.८ आणि २१ ला २.१०. प्रत्येक मापात जवळपास एका सेंटिमीटरचा फरक पडतो, त्यामुळे हे लक्षात ठेवायला सोपं जातं. मध्येच कुठे साडेअठरा वगैरे आलं तर हात मऊ असेल तर खालचं माप घ्या, हाडं कडक असतील तर वरचं.

जाणता कासार मात्र टेप काढतच नाही. तो हात हातात घेतो, अंगठ्याखालचा उंचवटा दाबून बघतो आणि माळेतून बांगडी काढतो. त्याला कळतं की तुमचा हात रुंद दिसत असला तरी दबणारा आहे. म्हणून टेपने आलेलं माप हे घरचा अंदाज समजा आणि त्या मापाची एक साधी बांगडी आधी घालून बघा. दोन्ही हातांत बघा, कारण कामाचा हात थोडा मोठा असतो. उन्हाळ्यातलं लग्न असेल तर दुपारी किंवा संध्याकाळी बघा, कारण उकाड्यात आणि दिवसाच्या शेवटी हात थोडे सुजतात.

चढायला जरा जोर लागतो, पण मनगटावर आल्यावर मोकळी फिरते, ती बांगडी बरोबर. सैल बांगडी घालायला सोपी म्हणून पुष्कळजणी एक माप मोठं घेतात. पण सैल चुडा हात खाली सोडला की तळव्यापर्यंत घसरतो, वर केला की कोपराकडे पळतो, आणि प्रत्येक वेळी काचेवर काच आपटते. सैल चुडा घट्ट चुड्यापेक्षा लवकर फुटतो. डोहाळजेवणासाठी बांगड्या भरायच्या असतील तर उलट. तेव्हा हातांना सूज असते, पुढे वाढूही शकते, त्यामुळे नेहमीपेक्षा एक माप मोठंच घ्या.

काच कशी निवडायची

देशातल्या काचेच्या बांगड्यांचं मोठं केंद्र उत्तर प्रदेशातलं फिरोझाबाद. तिथे भट्टीतल्या वितळलेल्या काचेची तार फिरत्या दांड्यावर गुंडाळली जाते, तिचं स्प्रिंगसारखं वेटोळं होतं. ते उभं कापलं की तोंड उघडं असलेली कडी सुटतात. मग घराघरांतून, बरेचदा बायकाच, ज्योतीवर धरून ती तोंडं जुळवतात. आपल्याला बांगडी अखंड दिसते, पण साध्या बांगडीत हा सांधा कुठे ना कुठे असतोच.

तो सांधा तुम्ही शोधायचा. बांगडी दोन बोटांत धरून हळूहळू फिरवा, एका जागी नखाला किंचित खाच किंवा उंचवटा लागेल. किंचित असेल तर चालेल. नख अडकत असेल, कडा वरखाली असतील किंवा फट दिसत असेल तर ती बांगडी बाजूला काढा, कारण ती तिथेच पिचणार आणि चढताना कातडी ओरबाडणार. मग बांगडी सपाट काचेवर ठेवून बघा. डुगडुगली तर ती वाकडी, इतर बांगड्यांत नीट बसणार नाही. शेवटी दोन बांगड्या एकमेकींवर अलगद वाजवा. स्वच्छ, खणखणीत आवाज आला तर ठीक. आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा आहे, डोळ्याला दिसत नसला तरी.

हिरव्यातले प्रकार दुकानदार भराभर सांगतो आणि आपण गोंधळतो. साधी हिरवी काच टिकायला सगळ्यात चांगली. राजवर्खी म्हणजे सोनेरी वर्खाची, दिसायला सुरेख, पण तेल, साबण आणि घाम लागला की वर्ख उडतो. रेशमी बांगडी बारीक आणि हलकी, ती जास्त संख्येत घालावी लागते. खडे आणि चमकी चिकटवलेल्या बांगड्यांपासून माझ्या मते चुड्यात लांबच राहावं. त्यांच्या कडा शेजारच्या काचेला घासतात आणि शालूचे धागे ओढतात. साधी हिरवी जास्त आणि राजवर्खी मोजकी, तीही मधून मधून, असा चुडा हळद, अक्षता, सत्यनारायण हे सगळं पार करून टिकतो.

पुण्यात तुळशीबाग, मुंबईत भुलेश्वर, कोल्हापुरात महाद्वार रोड ही यासाठीची ओळखीची ठिकाणं. पण आपल्या गावातला, आईला बांगड्या भरणारा कासार असेल तर आधी त्याच्याकडे जा. त्याला त्या घरातले हात माहीत असतात. खरेदी करताना हिशोबापेक्षा एक डझन जास्त, त्याच मापाच्या आणि त्याच छटेच्या घ्या. पुढच्या खेपेला तीच हिरवी छटा मिळेल याची खात्री नसते.

सोन्याची जोड

काचेच्या बांगड्यांबरोबर सोन्याच्या पाटल्या, बिलवर, गोठ, तोडे, मागे पिछोडी असा साज असतो. सगळं हवंच असं नाही. चार पाटल्या आणि हिरवा चुडा एवढ्यानेही हात भरलेला दिसतो. पिछोडी नावाप्रमाणे सगळ्यात मागे, कोपराकडे. गोठ किंवा तोडे ही जाडजूड वस्तू. तिच्या आणि मागच्या सोन्याच्या मध्ये काच राहिली तर ती सांभाळली जाते, कारण टेबलाला, दाराला हात लागला तरी धक्का आधी सोन्याला बसतो. मधे पाटल्या कुठे घालायच्या ही आपली आवड.

एक गोष्ट मात्र आवर्जून करा. काचेचं माप ठरवायला जाताना सोनं बरोबर न्या. पाटल्या २.६ च्या आणि काच २.४ ची असेल तर पाटलीची कड काचेवर चढते आणि टवके काढते. आजीच्या पाटल्या बहुतेक वेळा मापात बसत नाहीत, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. फासा किंवा मळसूत्र असलेल्या तोड्यांना चढण्याची अडचण नसते, पण त्यांचा फासा आधी तपासा. जुना फासा ऐन मांडवात उघडतो.

नवं घेत असाल तर हॉलमार्क बघा. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक, या तीन गोष्टी दागिन्यावर कोरलेल्या असतात. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. पुरणाच्या पाटल्या किंवा आत लाख भरलेला गोठ घेताना निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून मागा. लाखेचे पैसे सोन्याच्या भावाने देण्यात अर्थ नाही. अशी वस्तू कधी गरम पाण्यात किंवा आचेजवळ ठेवू नका.

कासार, आणि त्याचा मान

लग्नसराईत चांगला कासार मिळणं हॉल मिळण्याइतकंच कठीण झालं आहे. काही आठवडे आधी सांगून ठेवा. किती बायकांना भरायच्या आहेत, त्यांत लहान मुली किती, वधूचं माप काय, हे त्याला आधी कळलं तर तो त्या मापांच्या माळा घेऊन येतो. भाग बदलतो तशी नावं बदलतात: कुठे कासार, कुठे वैराळ, कुठे मन्यार. मन्यार मुसलमान असतात आणि हिंदू घरांतल्या लेकीसुनांना पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच बांगड्या भरल्या आहेत. घरातल्या बाईचा हात हातात घ्यायची मुभा असलेला हा परका माणूस, म्हणून त्याला दादा, मामा, चाचा असंच म्हटलं जातं, आणि कासारीण असेल तर मावशी.

तयारी फार नाही. बसायला दोन पाट किंवा सतरंजी, रांगोळी, हळद-कुंकू, अक्षता, विड्याची पानं-सुपारी, नारळ, कासारासाठी शिधा किंवा त्याऐवजी वेगळी दक्षिणा. शिवाय स्वच्छ नॅपकिन, पाण्याचं भांडं, साबण, टाल्कम पावडर आणि पातळ प्लास्टिकची पिशवी. ही शेवटची वस्तू कुठल्याच याद्यांत नसते, का ते पुढे सांगते. चांगला उजेड असलेली जागा निवडा. फोटोग्राफरला म्हणून अंधाऱ्या हॉलमध्ये पिवळ्या दिव्यांखाली बसवलंत तर कासाराला सांधा दिसत नाही.

पहिल्या बांगड्या देवीच्या. अनेक घरांत चुड्यातल्या काही बांगड्या खण-नारळाबरोबर कुलदेवतेपुढे ठेवतात आणि लग्नानंतर तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जिथे कुलस्वामिनी असेल तिथे ओटीत घालतात. त्या आधीच वेगळ्या काढा, नाहीतर गर्दीत कुणाच्या तरी हातात जातात. मग वधू, मग आई, करवली, मावश्या, आत्या, काक्या, शेजारणी. वधूला भरताना बाकीच्यांनी गराडा घालून हसवू नये, असं म्हणून काही उपयोग नसतो. निदान तिच्या कोपराला धक्का लागणार नाही एवढं बघा.

भरताना

क्रम आधी ठरवा: मेंदी, मग चुडा. मेंदी काढून निदान एक रात्र जाऊ द्या. मेंदीच्या हातावर साबण-पाणी चोळलं की रंग उतरतो, म्हणून ती प्लास्टिकची पिशवी. पातळ पिशवी मोज्यासारखी हातावर चढवायची, तिच्यावरून बांगडी सरकवायची आणि बांगडी मनगटावर पोचली की पिशवी बोटांकडून हलकेच ओढून काढायची. काच कातडीला लागत नाही, मेंदीला लागत नाही. जुने कासार हसतील, पण हसत हसत तेही ती वापरतात.

वधूचं काम एकच आणि तेच अवघड: हात सैल सोडणं. कासारीण पुन्हा पुन्हा हेच बजावत असते. दुखेल या भीतीने आपण बोटं ताठ करतो, आणि ताठ हाताची हाडं दबत नाहीत. अंगठा तिच्या ताब्यात द्यावा, दुसरीकडे बघावं, गप्पा माराव्यात. ती आधी करंगळीकडून बांगडी आत घेते, अंगठ्याचं मूळ दाबते आणि बांगडी सरळ न ढकलता थोडी तिरकी धरून, फिरवत पुढे नेते. घरीच भरायची वेळ आली तर हेच करा. सरळ रेटलेली बांगडी दोन हाडांवर एकदम अडकते आणि सांध्यावर ताण येऊन फुटते.

दोन-तीन बांगड्या एकदम चढवणारे कासार असतात, त्यांचा हात बसलेला असतो. आपण एकेकच चढवावी. पहिली फारच अडली तर माप चुकलं आहे हे कबूल करून पुढचं माप काढा. रेटारेटी करून पहिली चढलीच तर पाचवीला हात सुजलेला असतो.

चुडा भरल्यावर मनगटाच्या वर हाताचा जाड भाग झाला हे विसरू नका. अरुंद बाह्यांचा ब्लाउज त्यावरून जात नाही. रिसेप्शनचा पोशाख घालायच्या वेळी हे कळतं, आणि मग कात्री शोधली जाते. चुड्यावरून घालायच्या सगळ्या कपड्यांच्या बाह्या कोपराच्या वर असाव्यात किंवा मोहरीला चेन असावी.

आणि बांगडी फुटली तर? फुटते. काच आहे ती. बायका 'फुटली' न म्हणता 'वाढली' म्हणतात, तुकडे गोळा करतात, कासार दुसरी चढवतो आणि काम पुढे चालू राहतं. भरताना कासाराच्या हातून गेलेली बांगडी साधारणपणे त्याच्या खात्यात धरतात. लग्नाआधी बांगडी पिचली म्हणून वधूचा चेहरा उतरवणारी एखादी आजी प्रत्येक घरात असते. तिला ओटीच्या तयारीला बसवा.

कुणाला बोलवायचं

चुड्याच्या कार्यक्रमात एक प्रश्न न विचारताच निकालात काढला जातो. वधूची आई, काकू किंवा आजी विधवा असेल तर ती आतल्या खोलीत भाज्या निवडत बसते. तिला कुणी हाकलत नाही. ती स्वतःच आत जाते, आणि सगळ्यांना ते सोयीचं वाटतं.

चुड्याला सौभाग्याची खूण मानताना त्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. महाराष्ट्रात गावोगावी वेशीजवळ, देवळाच्या आवारात सतीशिळा सापडतात. त्यांवर बरेचदा कोपरात दुमडलेला एक हात कोरलेला असतो, आणि त्या हातात बांगड्या भरलेल्या असतात. नवऱ्याबरोबर गेलेल्या बाईचा चुडा अभंग राहिला, असं तो दगड सांगतो. जी मागे राहिली तिच्या बांगड्या दगडावर आपटून फोडल्या गेल्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव करून नवऱ्याच्या मृत्यूनंतर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथांवर बंदी घातली. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं.

घरात करायचं काम त्यामानाने सोपं आहे. यादी करताना तिचं माप इतरांबरोबर घ्या, कासाराला नाव सांगा आणि कार्यक्रमाच्या वेळी वधूनेच तिला हात धरून पाटावर आणावं. हे आयत्या वेळी, सगळ्यांसमोर, धाडस म्हणून करू नका. तिला आधी एकटीला विचारा. हिरव्या नको, दुसऱ्या रंगाच्या चालतील असं ती म्हणाली तर तशा भरा, नको म्हणाली तर आग्रह नको. पण तिला विचारलंच नाही असं होऊ देऊ नका.

नंतरचे दिवस

चुडा किती दिवस ठेवायचा याचं उत्तरही घरोघरी वेगळं. कुठे सव्वा महिना, कुठे पहिल्या मंगळागौरीपर्यंत, कुठे वर्षभर. आता लग्न आटोपून चौथ्या दिवशी लॅपटॉपसमोर बसायचं असतं, तेव्हा दोन्ही हातांत दोन-दोन काचेच्या ठेवून बाकीच्या सणावारापुरत्या जपून ठेवणं हा मार्ग बहुतेकींनी स्वीकारला आहे. सासूबाईंशी याबद्दल लग्नाआधीच मोकळेपणाने बोललेलं बरं.

चुडा हातात असताना दोन गोष्टी सांभाळा. कणीक मळून झाली की बांगड्यांमागे अडकलेलं पीठ आणि साबण कोमट पाण्याने नीट धुऊन हात कोरडा करा. मनगटाला येणारं पुरळ बहुधा त्या ओलाव्याचं असतं, काचेचं नसतं. वर्ख असलेल्या बांगड्या चोळू नका, ओल्या फडक्याने टिपा. आणि घरात रांगतं बाळ असेल तर त्याला उचलताना, न्हाऊ घालताना काच काढून ठेवा. पिचलेल्या बांगडीची कड बाळाच्या कातडीला लगेच लागते.

परदेशी जाणाऱ्या मुलींचा नेहमीचा प्रश्न: काचेच्या बांगड्या न्यायच्या कशा? मासिक किंवा मलमलचं कापड गुंडाळून बांगडीच्या आत घट्ट बसेल अशी नळी करा, तिच्यावर बांगड्या एकमेकींना टेकून ओवा आणि दोन्ही टोकं कापडाने आवळून बांधा. बांगड्या फुटतात त्या बाहेरच्या धक्क्याने कमी, एकमेकींवर आपटून जास्त. हलायला जागाच ठेवली नाही तर त्या सुखरूप पोचतात. हे सगळं कडक डब्यात घालून हातातल्या सामानात ठेवा. तिकडे कासार मिळणार नाही, त्यामुळे पिशवीची युक्ती एका मैत्रिणीवर आधीच करून बघा.

उतरवताना

जशी चढली तशीच उतरवायची: अंगठा आत, हात सैल, बांगडी तिरकी. थोडा वेळ हात वर धरा म्हणजे सूज उतरते, मग साबण लावा. सगळ्या एकदम काढून हात मोकळा ठेवू नये असं बायका मानतात. म्हणून शेवटची काढायच्या आधी नवीन दोन घालतात, किंवा तोवर मनगटाला पदर गुंडाळतात. मानत असाल तर नव्या बांगड्या जवळ ठेवूनच सुरुवात करा.

हात फार सुजला असेल, मुका मार लागला असेल किंवा शस्त्रक्रियेआधी काढायची घाई असेल, तर ओढाताण करू नका. बांगडी आणि मनगट यांच्यामध्ये जाड रुमालाची घडी सरकवा, वरून दुसरा रुमाल झाका आणि पक्कडीने बांगडी मनगटापासून दूरच्या बाजूला दाबून तोडा. काच रुमालातच राहते. डोळ्यांवर चष्मा असू द्या आणि हे काम दुसऱ्या कुणाला तरी करू द्या.

उतरवलेला चांगला चुडा नदीत सोडू नका आणि देवळाच्या झाडाला टांगूही नका. त्या काचा पुढे कुणाच्या तरी पायात जातात. धड असलेल्या बांगड्या धुऊन डब्यात ठेवा, हरतालिकेला, नवरात्रात पुन्हा हातात येतील. तुकडे मात्र जाड कागदात गुंडाळून, वर 'काच' असं ठळक लिहून, सुक्या कचऱ्याच्या गाडीवाल्या ताई-दादांच्या हातात वेगळे द्या.